शस्त्र बाळगण्याचे कायदे : देश एक, नियम अनेक

विवाहसमारंभात तलवारीने केक कापणे, वरातीत हवेत गोळीबार करणे, संगणकावरून मागवलेली तलवार दिवाणखान्यात टांगणे, असे प्रकार अलीकडे आपल्या परिसरातही आढळतात. त्यांपैकी अनेकांना आपण गुन्हा करीत आहोत याची जाणीवही नसते. 2018 साली आपल्याच शहरात कुरियरने आलेल्या तलवारी व सुरे पोलिसांनी जप्त केले होते. ऊसतोडीसाठी परराज्यात जाणारी आपली कुटुंबे व परदेशी स्थायिक झालेली मुले यांचाही या विषयाशी संबंध येतो. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी आम्ही येथे या कायद्यांची थोडक्यात मांडणी करीत आहोत.

नियम वेगवेगळे का?

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत 'शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके' हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. त्यामुळे शस्त्र अधिनियम, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 संपूर्ण देशाला लागू आहेत. मात्र 'सार्वजनिक सुव्यवस्था' व 'पोलीस' हे विषय राज्यांकडे आहेत. परिणामी परवाना केंद्रीय कायद्याखाली मिळतो. परंतु विशिष्ट दिवशी, विशिष्ट रस्त्यावर ते शस्त्र घेऊन फिरता येईल की नाही, हे पुष्कळदा राज्याचा कायदा व स्थानिक आदेश ठरवतो.

शस्त्र कशाला म्हणावे?

हल्ला वा बचावासाठी तयार केलेली कोणतीही वस्तू या अधिनियमानुसार शस्त्र ठरते. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, साधी काठी आणि खेळणी यांना त्यातून वगळले आहे. नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला, तसेच 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे यांचा उल्लेख आहे. स्वयंपाकघरातील सुरी वा शेतातील विळा यांत मोडत नाही.

अधिनियमाच्या कलम 4 नुसार ठरावीक क्षेत्रासाठी अधिसूचना काढून अशा धारदार शस्त्रांनाही परवाना सक्तीचा करता येतो. येथेच व्याख्या बदलते. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने बटणाने वा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंसाठी पात्याची मर्यादा 7.62 सेंटिमीटर, म्हणजे केवळ 3 इंच, ठरवली. याचा अर्थ, एका ठिकाणी ज्या चाकूची कोणी दखल घेणार नाही, तोच दुसऱ्या ठिकाणी खटल्याचे कारण होऊ शकतो.

काही समाजांना विशेष सवलत आहे. संविधानाच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. नांदेडमुळे मराठवाड्याला हे परिचित आहे. कर्नाटकातील कोडगू येथील कोडवा समाजाला बंदुकीच्या परवान्यापासून मिळालेली सूट 2019 साली दहा वर्षांसाठी, म्हणजे 2029 पर्यंत, वाढवण्यात आली.

बंदुकीचा परवाना व त्याचे क्षेत्र

अग्निशस्त्रासाठी परवाना सर्वत्र अनिवार्य आहे. आपल्या शहरात तो पोलीस आयुक्तांकडून व ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे ते नमूद असते. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या व्यक्तीने आपले पिस्तूल बेळगाव वा पणजीस नेले, तर तेथे तो परवाना तिला संरक्षण देत नाही.

शस्त्र लपवून नेणे व उघड नेणे असे दोन स्वतंत्र परवाने आपल्याकडे नाहीत. उलट, सार्वजनिक ठिकाणी शस्त्र त्यासाठीच्या आवरणात झाकून, स्वतःच्या ताब्यात ठेवून न्यावे आणि त्याचे प्रदर्शन करू नये, असाच नियम आहे. विवाहात, धर्मस्थळी वा सभेत आनंदाप्रीत्यर्थ निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

राज्याराज्यांतील आदेश

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 नुसार अधिकाऱ्यांना शस्त्रे, तलवारी, लाठ्या, काठ्या, किंबहुना इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करता येते.  सणासुदीस व निवडणुकीच्या सुमारास असा आदेश पुनःपुन्हा निघतो. मूळ हाच कायदा गुजरातमध्येही चालतो. कर्नाटकात 1963 चा स्वतंत्र पोलीस कायदा आहे. गोव्यात हा महाराष्ट्राचा अधिनियम लागू नाही. तेथे जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144) असे आदेश काढतात.

ऊसतोड कामगाराचा कोयता हे शेतीचे अवजार आहे. त्यासाठी परवाना लागत नाही. मात्र मनाई आदेशाच्या काळात तोच कोयता हातात घेऊन बाजारात वा मिरवणुकीत वावरणे अंगाशी येऊ शकते. प्रवासात कोयते गुंडाळून सामानात ठेवावेत आणि मुकादमाचे नाव व कामाचा पत्ता जवळ असावा, हे हिताचे.

अमेरिकेतील आपल्या कुटुंबांसाठी

अमेरिकेत हा फरक अधिक तीव्र आहे. तेथे वस्त्राखाली दडवून शस्त्र नेण्याविषयी प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. 2024 अखेर एकोणतीस राज्यांत पात्र प्रौढांस त्यासाठी परवाना लागत नव्हता. टेक्ससने ही मुभा 2021 मध्ये व फ्लोरिडाने 2023 मध्ये दिली. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथे परवाना आवश्यक आहे. एका राज्याचा परवाना दुसरे राज्य मानेलच असे नाही.

चर्चविषयीही एकवाक्यता नाही. टेक्ससमध्ये 2019 च्या कायद्यानुसार चर्चने मनाई कळवली नसेल, तर परवानाधारकास शस्त्रासह आत जाता येते. न्यू यॉर्कने 2022 मध्ये प्रार्थनास्थळी शस्त्रबंदी केली आणि 2023 मध्ये तेथील सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना तीतून वगळले.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, विद्यार्थी वा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीने बंदूक बाळगणे हा तेथील केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. राज्याचा कायदा कितीही सैल असो, ही बंदी कायम राहते. मित्राच्या आग्रहाखातर नेमबाजीच्या मैदानावर जाण्यापूर्वी आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

थोडक्यात, वडिलोपार्जित बंदूक असल्यास परवान्यावरील मुदत व क्षेत्र आजच पाहून घ्यावे. परवानाधारक निवर्तला असल्यास ते शस्त्र घरात न ठेवता पोलीस ठाण्यात वा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारसाने नव्या परवान्यासाठी अर्ज करावा. आणि लग्नाच्या मंडपात केक कापण्यास स्वयंपाकघरातील सुरी पुरेशी आहे.