नेट गेले? फॉरमॅट मारण्याआधी एवढे तपासा

पिरनवाडी : खानापूर रोडवरच्या पिरनवाडीत काय किंवा बेळगाव शहरात काय, आता बरीच सरकारी कामे कॉम्प्युटरवरूनच होतात. शेताचा उतारा भूमीवर, दाखल्यांचे अर्ज सेवा सिंधूवर. सीमाभागातल्या मुलांचे सीईटीचे फॉर्म तर कर्नाटकाचे वेगळे आणि महाराष्ट्राचे वेगळे. नेमके शेवटच्या तारखेला नेट जाते आणि कोणीतरी 'फॉरमॅट मारा' असा सल्ला देतो. त्यात कॉपी करून न ठेवलेल्या फायली जाऊ शकतात. बऱ्याच वेळा त्याची गरजच नसते. बिघाड बहुधा चार ठिकाणी असतो: बाहेरची लाईन, केबल, नेटवर्क कार्ड किंवा ड्रायव्हर. याच क्रमाने बघत जावे.

लाईन : घरच्या वायफायवर मोबाईल चालतो का बघा. तोही चालत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर बाहेरच तार तुटलेली किंवा दबलेली असण्याची शक्यता जास्त. कंपनीला कळवा.

केबल : मोबाईल चालतो, पण कॉम्प्युटर नाही? मग लॅन केबल जिथे बसते तिथला छोटा दिवा बघा. दिवा नसेल तर जॅक काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. राऊटरचे दुसरे भोक आणि दुसरी केबल लावून बघा. केबलमध्ये ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला ४ पुरतात, गिगाबिटला सगळ्या लागतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेट चालू शकते, पण वेग १०० वर अडकतो. उंदराने कुरतडलेल्या केबलचे असेच होते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर.

कार्ड : वळवाच्या पावसात वीज कडाडली की लॅनचे पोर्ट जळू शकते. अशा वेळी वीजजोडणीबरोबर लॅन केबलही काढून ठेवावी. चांगली केबल लावूनही दिवा येत नसेल तर मदरबोर्ड बदलायची घाई नको. यूएसबीला लावायच्या लॅन अडॅप्टरवर काम भागते.

ड्रायव्हर : कार्डशी विंडोजने कसे बोलायचे, हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये पिवळी खूण असेल तर त्यावर डबल क्लिक करा. तिथे कोड दिसतो.

कोड २२ : कार्ड बंद केलेले आहे. 'एनेबल' करा.
कोड २८ : ड्रायव्हरच नाही. कार्ड 'अदर डिव्हाइसेस'खाली दिसू शकते.
कोड १० : कार्ड सुरू होत नाही.
कोड ४३ : कार्डानेच बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवले आहे.

१० आणि ४३ साठी आधी 'रीस्टार्ट' करा. 'शट डाऊन'ने भागत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही. अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. नवा ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साईटवरूनच घ्या. फुकट 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी लागू नका. नेटच नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा.

दिवा लागतो, ड्रायव्हर ठीक आहे, पण आयपी १६९.२५४ ने सुरू होतो? मग राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करा. 'नेटवर्क रीसेट' सगळ्यात शेवटी. त्यात वायफायचे पासवर्ड पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा.

एवढे करूनही दुकानात जावे लागले तर कोड सांगा, निम्मी तपासणी तिथेच वाचते. आणि फॉर्मची वेळ संपत आली असेल तर आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून फॉर्म भरून टाका. दुरुस्ती उद्याही होईल, शेवटची तारीख परत येत नाही.