लायडनमध्ये बारसं झालेली दिवड

तुमच्या गावाकडच्या ओढ्यात, भातखाचरात किंवा विहिरीत दिवड असणारच. काही भागांत हिलाच विरोळा म्हणतात. पिवळसर अंगावर काळे चौकोन आणि डोळ्यापासून मागे ओढलेल्या दोन काळ्या रेघा. खाणं मासे आणि बेडूक. विष नाही, राग मात्र भरपूर! डिवचलं की ती मान चपटी करते आणि कडकडून चावते. पसरलेली मान पाहून लोकांना नाग वाटतो आणि बिचारी काठीखाली जाते.

तिचा कागदोपत्री इतिहास थेट आपल्या लायडनमधून जातो. मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीत असलेल्या पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरने 1796 मध्ये भारतीय सापांवर सचित्र ग्रंथ काढला. त्यातल्या चित्रावरून श्नायडर या जर्मन विद्वानाने 1799 मध्ये दिवडीला नाव दिलं ‘पिस्कॅटर’, म्हणजे मासेमार. मग 1837 मध्ये लायडनच्या संग्रहालयातल्या (आजचं नॅचरॅलिस) हेरमान श्लेगेलने तिला दुसरं नाव दिलं, ‘क्विन्कन्सिएटस’. लुडोच्या फाशावर पाचाचे ठिपके जसे मांडलेले असतात, तशी अंगावरची नक्षी. मला हेच नाव जास्त आवडतं. लंडनच्या ग्युन्थरनेही 1864 मध्ये तेच वापरलं. पण नियम असा की आधीचं नाव टिकतं. आमच्या आयटीत एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी सापडल्या की नंतरची बंद करतात, तसंच.

विसाव्या शतकात तर बरीच वर्षं दिवड ‘नॅट्रिक्स’ या गटात होती. तुमच्या आमच्या इथल्या रिंगस्लांगचा गट तोच. पुढे दिवडीला वेगळं काढलं, तरी दोघी एकाच कुळातल्या, म्हणजे मावसबहिणीच म्हणा. अॅमस्टरडॅमजवळ दीमेनच्या पाण्याकाठी रिंगस्लांग दिसते. डोक्यामागची पिवळी पट्टी ही तिची खूण. स्वभाव मात्र उलटा: पकडलं तर चावण्याऐवजी घाण वास सोडते, नाहीतर तोंड उघडं टाकून मेल्याचं सोंग घेते.

दिवडीची मादी अंड्यांजवळ थांबते. इथल्या थंडीत रिंगस्लांगला ऊब हवी, म्हणून ती कुजणाऱ्या पालापाचोळ्यात अंडी घालते. त्यासाठी इथले स्वयंसेवक पाचोळा आणि शेणखताचे खास ढीग रचतात. पिल्लं निघून गेली की ढीग उकरून रिकामी कवचं मोजतात. मुलांना चिखलाचं वावडं नसेल, तर त्यांना घेऊन जा.