दऱ्या आणि दर्या : अर्ध्या ‘र’चा संगणकीय इतिहास

१/७
‘दऱ्या’ डोंगरांत असतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दात अर्धा र, दुसऱ्यात रफार. वाचकाचा डोळा हा भेद क्षणात टिपतो. संगणक मात्र अक्षर पाहत नाही. तो अक्षराचा क्रमांक वाचतो. या अर्ध्या ‘र’ला क्रमांक कसा मिळाला, त्याचा हा इतिहास.

२/७
१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या तक्त्यात जागा अवघ्या १२८. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या आज्ञा यांसाठीच त्या होत्या. देवनागरीला तेथे थारा नव्हता.

३/७
भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ (आयएस १३१९४) हे मानक स्वीकारले. त्यात मराठीच्या अर्ध्या ‘र’साठी तोडगा निघाला : ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. गंमत अशी की, नुक्त्याचा हा ‘ऱ’ तक्त्यात आला तो द्राविडी भाषांतील एक ध्वनी देवनागरीत लिहिता यावा म्हणून.

४/७
जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात आणू पाहणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. पुढे १९९६ च्या २.० आवृत्तीत अर्धा र वेगळ्या रीतीने लिहिला जाई : ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. आज दोन्ही रीती ग्राह्य आहेत. पडद्यावरचे रूप एकच, आतील क्रमांक मात्र वेगळे!

५/७
‘ॲ’चीही तीच कथा. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवले जाई. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपे आजही समान नाहीत.

६/७
इतिहासाच्या अभ्यासकासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. ‘वऱ्हाड’ किंवा ‘बऱ्हाणपूर’ या नावाच्या नोंदी एका रीतीने टंकित झाल्या आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, तर साधी शोधप्रणाली उत्तर देते : काहीही आढळले नाही. कागद असतो, त्याचे छायाचित्र असते, नोंदही असते. तरी अभ्यासकापुरती ती हरवलेली असते.

७/७
उपाय दुहेरी आहे. नोंद साठवताना आणि शोधतानाही प्रणालीने सर्व पर्यायी रूपे एका ठरावीक रूपात आणावीत. जेथे तशी सोय नाही, तेथे अभ्यासकाने दोन्ही रीतींनी शोध घ्यावा. मोडी वाचणारा जसा लेखनिकाचे वळण आधी ओळखतो, तसेच डिजिटल दप्तर वाचणाऱ्याने टंकलेखनाचे वळण ओळखले पाहिजे. ‘पुरावा नाही’ हा निष्कर्ष त्यानंतरचा.