फुलपुडी

घरच्या देवपूजेसाठी रोज पहाटे दारात पोचणारी सुट्या फुलांची पुडी आणि तिचा महिन्याचा रतीब. मुंबई, पुणे आणि महाराष्ट्रातल्या इतर शहरांत दूध व वर्तमानपत्राच्या जोडीने ही पद्धत रुजली. अंगण-परसाचे घर सोडून माणसे चाळीत आणि पुढे फ्लॅटमध्ये आली; देव्हारा बरोबर आला, तगर-जास्वंदीची झाडे मागे राहिली.

मुंबईतल्या पुडीवाल्यांचा बराचसा माल दादर पश्चिमेच्या फूलबाजारातून येतो, पुण्यात तो मार्केट यार्डातून उचलला जातो. वसईकडचा सोनचाफा व मोगरा पहाटेच्या लोकलने दादरला उतरतो. पुडीत झेंडू, शेवंती, तगर, गुलाबाचे एखादे फूल, तुळस व दूर्वा असतात. जास्वंद कळीच्या रूपात देतात, कारण उमललेले फूल वाटेतच मान टाकते. प्राजक्त हाताळणी सोसत नाही, म्हणून तो पुडीत क्वचितच दिसतो. सोमवारी बेल, शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने, संकष्टीला दूर्वांची जुडी हे वेगळे सांगावे लागत नाही. जाणता पुडीवाला तिथी-वार पाहूनच पुडी बांधतो.

व्यवहाराच्या अटी कागदावर नसतात, पण पक्क्या असतात. पुडीचा दर ठरलेला, आतली फुले मात्र ठरलेली नाहीत. बाजार चढला की पुडी हलकी होते, उतरला की भरते. भावातली चढ-उतार दोघेही सोसतात. रोज दर बदलत बसण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची आहे. दसरा, गणपती, मार्गशीर्षातले गुरुवार यांचे हार व वेण्या रतिबात धरत नाहीत. त्या आदल्या दिवशी सांगायच्या आणि त्यांचा हिशेब वेगळा. पुडी आली नाही तर खाडा धरून महिनाअखेरीस पैसे कापतात. गावाला जाताना आगाऊ निरोप द्यावा लागतो, नाहीतर कडीला अडकवलेली पुडी वाळली तरी पैसे द्यावेच लागतात. घरात सुतक असेल तर पूजा बंद, म्हणून पुडीही बंद. अशा वेळी खाड्यावरून कोणी घासाघीस करत नाही.

देवाची फुले जमिनीवर ठेवायची नाहीत, म्हणून पुडी दाराच्या कडीला किंवा तिथे टांगलेल्या पिशवीत ठेवतात. पूर्वी ती पानात गुंडाळून दोऱ्याने बांधत. नंतर वर्तमानपत्राचा कागद आणि प्लास्टिकची पिशवी आली. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कागदाकडे पुन्हा वळणारे विक्रेते आहेत. फुलांच्या दृष्टीने पान सर्वांत चांगले: बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि शेवंतीच्या पाकळ्या काळ्या पडतात.

पुष्पगुच्छाच्या दुकानांची रीत वेगळी. अमेरिकेत १९१० मध्ये काही पुष्पविक्रेत्यांनी तारेने ऑर्डर कळवून परगावी गुच्छ पोचवण्यासाठी संघटना उभारली. ऑर्डर घेणारा एका गावी आणि गुच्छ बांधणारा दुसऱ्या गावी असला की सांगितलेले फूल मिळेलच असे नाही. म्हणून समान किमतीचे दुसरे फूल देण्याची मुभा विक्रेता आधीच लिहून घेतो. फुलपुडीत ही मुभा गृहीतच असते, कारण ग्राहकाने अमुक फूल मागितलेलेच नसते.

मोबाइल अ‍ॅपवरून पुडी देणाऱ्या सेवांनी खाडा नोंदवणे सोपे केले. सुट्टी मात्र ठरलेल्या वेळेआधी टाकावी लागते, कारण दुसऱ्या दिवशीच्या फुलांची खरेदी रात्रीतच होते.