घराला अलार्म बसवताय? आधी छप्पर, वीज आणि रेंज बघा!

ठाणे : भातलावणीला अख्खं घर शेतावर, नोकरदार मंडळी आसनगाव-वासिंदहून लोकलने कल्याण-ठाण्याला. दिवसा घराला कुलूप असलं की चोरट्यांचं फावतं. म्हणून आता शहापूर, मुरबाडकडेही अलार्मची चौकशी होते. पण शहरातल्या फ्लॅटला चालणारा अलार्म गावच्या घराला चालेलच असं नाही.

दाराचा सेन्सर : दार-खिडकीला लावायचं हे चुंबकाचं यंत्र. दार उघडलं की भोंगा वाजतो. स्लॅबच्या घराला उत्तम आणि स्वस्त. मात्र चोर कौलं काढून किंवा पत्रा उचकटून उतरला, तर याला पत्ता लागत नाही.

हालचालीचा सेन्सर : अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखतो. कौलारू घराला हाच हवा. मांजर, कोंबड्या फिरत असतील तर फुकटचा वाजतो. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली अंगाइतकीच तापली, तर माणूस नीट ओळखत नाही. चुलीसमोर किंवा थेट उन्हात लावू नका.

सिमवाला अलार्म : चोर शिरला की मोबाईलवर फोन येतो. घरी कोणी नसताना हाच कामाचा. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, २जी आहे की ४जी? २जी यंत्रात जिओचं सिम चालत नाही. ज्या कंपनीची रेंज घरात येते, तेच सिम घ्या आणि रिचार्ज संपू देऊ नका.

वायफायवाला : वीज गेली की राउटर बंद आणि मोबाईलवरचा निरोपही बंद. राउटरला इन्व्हर्टर असेल तरच घ्या.

कोणताही घ्या, बॅटरी बॅकअप हवाच. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हाच घर उघडं पडतं. भोंगा चोराच्या हाताला लागणार नाही असा उंचावर लावा. महिन्यातून एकदा वाजवून बघा.

घर एकाकी असेल, तर नुसता भोंगा ऐकणार कोण? तिथे सिमवालाच घ्या आणि त्यात शेजारी, भाऊबंद यांचे नंबर टाका. वाडीत घरं जवळ असतील, तर मोठा भोंगाही पुरेसा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आवाज आला तरी कोणी उठणार नाही.

अलार्म चोराला घाबरवतो, अडवत नाही. अडवतो तो कडी-कोयंडा. तो आधी मजबूत करा.

अलार्म वाजला तर एकट्याने आत शिरू नका. ११२ वर फोन करा. चोरी झाली असेल तर पोलीस येईपर्यंत कपाट, दार, कुलूप कशालाही हात लावू नका. बोटांचे ठसे तिथेच मिळतात.