पुराव्याचा आराखडा

साहित्याच्या अभ्यासकांना कथनाचे सामर्थ्य नव्याने सांगावयास नको. दोन घटना एकापुढे एक ठेवल्या की त्यांच्यातील कार्यकारणसंबंध वाचकाचे मन स्वतःच जुळवून घेते. तो सिद्ध करण्याचे ओझे निवेदकावर राहत नाही. कादंबरीत हा गुण ठरतो. न्यायालयात मात्र याच गुणापायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो. हा धोका ओळखून पुराव्याचे चित्र काढू पाहणाऱ्या एका विधिज्ञाची आणि त्याच्या पद्धतीची येथे आम्ही दखल घेत आहोत.

जॉन हेन्री विग्मोर (१८६३-१९४३) हे शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी विद्यालयाचे १९०१ ते १९२९ या काळात अधिष्ठाता होते. साक्षीपुराव्याच्या कायद्यावरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणता पुरावा ग्राह्य आणि कोणता अग्राह्य हे कायदा सांगतो. परंतु ग्राह्य ठरलेल्या पुराव्याच्या ढिगाऱ्यातून निष्कर्षापर्यंत कसे जावे, याविषयी तो मौन बाळगतो, ही त्यांची खंत होती. १९१३ मध्ये त्यांनी पुराव्याच्या मांडणीच्या दोन पद्धतींची चर्चा केली. एक कथनाची, दुसरी आराखड्याची. आराखड्यात प्रत्येक विधानाला क्रमांक मिळतो. साक्षीदाराचे म्हणणे चौकोनात, परिस्थितिजन्य गोष्ट वर्तुळात, आणि जे सिद्ध करावयाचे ते सर्वांत वर. कोणते विधान कशाला आधार देते हे रेषा दाखवतात. विश्वास वाटला तर टिंब, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. आपण काय मानावे हे हा आराखडा सांगत नाही, आपण प्रत्यक्षात काय मानतो एवढेच तो दाखवतो, हेही विग्मोर यांनी स्पष्ट केले होते.

एवढ्याने काय साधते? एका गाजलेल्या खटल्यातील एक शब्द पाहू. १५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्समधील साउथ ब्रेनट्री येथे एका कारखान्याच्या पगाराची रोकड लुटली गेली. खजिनदार पार्मेंटर आणि रक्षक बेरार्देली ठार झाले. सॅको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन अराज्यवादी स्थलांतरितांवर आरोप ठेवण्यात आला. बेरार्देलीच्या शरीरातील गोळी सॅकोच्या पिस्तुलातून सुटली असण्याशी ‘सुसंगत’ आहे, अशी साक्ष पोलीस अधिकारी कॅप्टन प्रॉक्टर यांनी दिली. ज्यूरीला समजावून सांगताना न्यायमूर्ती थेयर यांनी, गोळी सॅकोच्याच पिस्तुलातून सुटली असे सांगणारे साक्षीदार म्हणून प्रॉक्टर यांचे नाव घेतले. १४ जुलै १९२१ रोजी दोघेही दोषी ठरले. १९२३ मध्ये प्रॉक्टर यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, गोळी त्या जातीच्या पिस्तुलातून सुटली एवढेच त्यांचे मत होते. ती याच पिस्तुलातून सुटल्याचा पुरावा मिळाला का, असे थेट विचारले असते तर उत्तर नकारार्थी आले असते.

गद्यात ‘सुसंगत’ हा शब्द सहज निसटून जातो. आराखड्यात तसे होत नाही. ‘या जातीचे पिस्तूल’ हे एक घर आणि ‘हेच पिस्तूल’ हे दुसरे. मधली रेषा काढण्यासाठी लेखणी उचलली की तिला आधार काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

यापुढील भाग विषादाचा आहे. १९२७ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी या खटल्याची कठोर चिकित्सा केली, तेव्हा निकालाच्या बाजूने वृत्तपत्रात उतरले ते विग्मोरच. तेथे आराखडा नव्हता. प्रतिपक्षाला ‘पंडित’ म्हणून हिणवणारे खंडन होते. फ्रँकफर्टर यांनी लगोलग उत्तर देऊन त्यातील चुका दाखवल्या. २३ ऑगस्ट १९२७ रोजी सॅको आणि व्हॅन्झेटी यांना विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. पद्धत निर्माण करणाऱ्यालाही ती आपोआप वाचवत नाही. ती प्रत्येक वेळी नव्याने वापरावी लागते.

विग्मोर यांची चित्रे वकिलांनी फारशी स्वीकारली नाहीत. रेषांनी विचार करण्याची कल्पना पुढे दुसऱ्या क्षेत्रांत वाढली. रोनाल्ड हॉवर्ड आणि जेम्स मॅथेसन यांनी १९८१ मध्ये निर्णयासाठी चौकोन, अनिश्चिततेसाठी लंबवर्तुळ आणि प्रभावासाठी बाण अशी चित्रे मांडली. ज्युडिया पर्ल यांच्या १९८८ च्या ग्रंथाने अशा जाळ्यांना संभाव्यतेच्या गणिताचा भक्कम पाया दिला. १९९६ मध्ये जोसेफ केडेन आणि डेव्हिड शुम या अभ्यासकांनी सॅको-व्हॅन्झेटी खटल्याचा पुरावा विग्मोर यांच्याच पद्धतीने रेखाटला आणि त्याला संभाव्यतेची जोड दिली. जी चित्रे विग्मोर यांनी १९२७ मध्ये काढली नाहीत, ती एकोणसत्तर वर्षांनी इतरांनी काढली.

आकडे घातले म्हणजे सत्य हाती आले, असे नाही. प्रॉक्टर यांच्या साक्षीला किती वजन द्यावे हे माणूसच ठरवतो, आणि दोन माणसे ते वेगवेगळे ठरवतील. लाभ एवढाच की मतभेद नेमका कोणत्या रेषेवर आहे, हे दोघांनाही दिसते. आपणही समीक्षेत ‘म्हणून’, ‘अर्थातच’, ‘साहजिकच’ असे शब्द सढळ हाताने वापरतो. एखाद्या कवीच्या चरित्रातून कवितेचा अर्थ काढताना, किंवा एखाद्या कालखंडावरून कादंबरीचा निवाडा करताना, त्या शब्दांच्या जागी एक रेषा काढून तिला कशाचा आधार आहे ते तपासावे, असे आम्हांला वाटते. आपल्या निवाड्यांनी कोणाचा जीव जात नाही, ही गोष्ट खरी. परंतु दीर्घकाळ चुकीचे वाचले गेलेले लेखक आपल्या वाङ्मयेतिहासात कमी नाहीत.