दिव्यांग व्यक्तींचे कायदेशीर पालकत्व

दिव्यांग व्यक्तींचे कायदेशीर पालकत्व ही राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये भारतात अस्तित्वात आलेली तरतूद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना ती लागू होते. ‘आमच्या पश्चात याचे कोण करणार?’ या आईवडिलांच्या चिंतेशी तिचा थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

वयाची १८ वर्षे पूर्ण होताच अपत्य कायद्याने सज्ञान ठरते व आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. घास भरवणारी आई तीच असली, तरी त्यानंतर बँक खाते किंवा जमिनीचा व्यवहार यांसाठी तिची सही पुरेशी ठरत नाही. ‘आम्ही असताना अर्ज कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र आईवडील हयात असतानाच हा अर्ज करणे अधिक सोयीचे असते.

कार्यपद्धती

अर्ज स्थानिक स्तरीय समितीकडे करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत स्थावर व इतर मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. हेळसांड, छळ किंवा मालमत्तेचा अपहार झाल्यास त्याला दूर करता येते.

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील कुटुंबाची मालमत्ता म्हणजे बहुधा शेतजमीनच. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून दिव्यांग अपत्याचेही नाव लागते. सांभाळ करणारा आणि जमीन कसणारा एकच नातेवाईक असेल, तर त्या हिश्श्याच्या उत्पन्नाची विचारणा करणारे घरात कोणी उरत नाही. ती विचारणा समिती करू शकते.

पालकत्वाची आवश्यकता

निदान झाले म्हणजे पालक नेमलाच पाहिजे, असे नाही. त्याची खरोखर गरज आहे का, हे समितीने तपासावयाचे असते. या संदर्भात मालिनी चिब यांचे उदाहरण बोलके आहे. १९६६ मध्ये जन्मलेल्या मालिनी यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मालिनी यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि एका बोटाने टंकलेखन करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. बोलणे अस्पष्ट असणे म्हणजे समज नसणे, हा समाजात आजही रुजलेला समज किती चुकीचा आहे, हे यावरून दिसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘मर्यादित पालकत्वा’ची तरतूद आहे. त्यानुसार पालकाने परस्पर निर्णय न घेता संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेला अनुसरून संयुक्त निर्णय घ्यावयाचा असतो.